कपिरीला गाडी बदलताना

मरांबा, लिव्हिंग्स्टन
३ मे १९९४

प्रिय दाऊसन,

एस्नार्त रविवारी सकाळी सुखरूप पोचली. चितेंग्याच्या कापडाचे सगळे गठ्ठे कोरडे आहेत. फक्त एकाच्या कोपऱ्याला वंगण लागले आहे. ते तुझ्या हातगाडीचे असावे. ही तक्रार नाही, केवळ कळवतो.

तुझे आभार मानायला हे पत्र. टांझानियातल्या दार शहराहून येणारी गाडी नव्या स्टेशनात येऊन थांबते आणि आमच्याकडे येणारी गाडी जुन्या स्टेशनातून सुटते. मध्ये अख्खे कपिरी गाव. हे ज्याने आखले त्याला कधी गठ्ठे घेऊन धावावे लागले नसणार. दारची गाडी दोन देशांतून येते, तिला उशीर व्हायचाच. सीमेवर घड्याळे तासभर मागे घेतात, पण त्याने उशीर काही भरून निघत नाही. आमची गाडी मात्र कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी तुझ्यासारखा मामेभाऊ कपिरीत आहे हे आमचे नशीब.

आता महत्त्वाचे. फेब्रुवारीत तिची गाडी थोडक्यात चुकली आणि लग्नाआधीचा आमचा विस्तव दाखवण्याचा कार्यक्रम दुसऱ्यांदा पुढे गेला. पहिल्यांदा तिच्या मावशीकडे मयत झाली होती. आता तिच्या मामांनी म्पिकाहून शेवटचा निरोप धाडला आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, २९ तारखेला, तिच्या इथल्या मावशीच्या अंगणात चुली पेटतील आणि भांडी माझ्या दारात येतील. त्या दिवशी एस्नार्त इथे नसेल, तर मागणी घालताना मी पाठवलेले ताट मामा परत करतील. ताट परत आले की बोलणे संपले, हे तुला सांगायला नको.

त्याआधी ती दारची एक खेप करणार आहे. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "गठ्ठे काय आपोआप चालत येतात?" बुधवारी २५ तारखेला ती कपिरीत उतरेल. ती गाडी चुकता कामा नये.

बाजारातून जाऊ नकोस, गिरणीच्या मागून जा. हातगाडीचे चाक आदल्या दिवशी तपास.

ती सांगत होती की वाटेत तू तिला खूप हसवलेस. कशावरून, ते तिला आठवत नाही म्हणे. तुला आठवत असेल तर कळव.

आणखी एक. तू तिचे नाव 'एस्नाल्त' असे लिहितोस. मध्ये र आहे. मी दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवतो. सातवीनंतर शाळा सुटली, पण अजून एकही पाटी चुकीची लिहिलेली नाही. म्हणून सांगितले.

तुझा आतेभाऊ,
गेर्शोम कपासा


कपिरी
९ मे

गेर्शोम लेका,

आमची बायको सुखरूप पोचली हे वाचून बरं वाटलं. चिडू नकोस. आतेभावाची बायको ती आपली बायको, हे म्हणायचा हक्क मला जन्माने मिळालाय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इतकं सुवाच्य पत्र आमच्या गावात फक्त कोर्टातून येतं.

कशावरून हसली ते विचारतोस? ऐक. गाडी आली तेव्हा तुमच्या गाडीची पहिली शिट्टी झाली होती. गठ्ठे टाकले हातगाडीत आणि सुटलो. बाई मागून ओरडतायत, "दाऊसन, पळ की! बैलासारखा काय चालतोस!"

मी म्हटलं, "बाई, बैलाला निदान चारा घालतात!"

बाजारातून गेलो, कारण तो रस्ता जवळचा आहे, तुझी गिरणी राहू दे. तिथे टोमॅटोवाल्या बायका बसलेल्याच. एक म्हणाली, "अगं, नवरा चांगला मिळाला, घोड्यासारखा पळतोय!" तर आमची बाई धावता धावता काय म्हणाली असेल? "हा नवरा नाही गं, नवऱ्याचा भाऊ आहे. याला दाणापाणी कमी लागतं!" सगळा बाजार हसला. हातगाडीसकट मीही हसलो, आणि त्यातच तिचं चाक निखळलं.

मग काय, बाजारातल्याच एकाची सायकल मागून घेतली. दोन गठ्ठे माझ्या डोक्यावर, दोन सायकलच्या दांडीला, बाई मागे आणि मी पायडल मारतोय. गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता. मला बघून त्याने ती फुंकलीच नाही, हसत बसला. गाडी मिळाली.

र आणि ल चं म्हणशील तर आपण बोलताना दोन्ही एकच बोलतो. मी हाक मारतो, ती ओ देते. आणखी काय पाहिजे?

२५ तारखेची काळजी सोड.

दाऊसन


मरांबा
१४ मे

प्रिय दाऊसन,

पत्र मिळाले. चाकाचे कळले. काही गोष्टी नीट समजल्या नाहीत, म्हणून विचारतो.

सायकलवर ती मागे बसली असे तू लिहितोस. मागे म्हणजे कॅरिअरवर. कॅरिअरवर बसलेल्या माणसाला धरायला दोनच जागा असतात. सीटखालचे लोखंड, किंवा पुढच्याची कंबर. कपिरीचा रस्ता खड्ड्यांचा आहे. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, दुसरे काही समजू नकोस.

'बाई मागून ओरडतायत' या वाक्यात तू तिला आदराने लिहिले आहेस, आणि पुढे 'काय म्हणाली असेल' असे एकेरी. एका पत्रात एकच ठेवावे. कोणते ठेवायचे ते तू ठरव.

तिने दारहून तुझ्यासाठी शर्ट आणला होता, हे मला काल कळले. बोलता बोलता ती म्हणाली, "दाऊसनला हिरवा शोभतो." माझ्यासाठी तिने रंगाचे ब्रश आणले. ब्रश चांगले आहेत. केस गळत नाहीत. ब्रश उपयोगाची वस्तू आहे. पण शर्ट माणसाच्या अंगाला लागतो. मी तिला काही बोललो नाही. तुलाही काही बोलत नाही.

ती परवा दारला निघाली. स्टेशनात तिने मला सांगितले, "एवढं तोंड पाडू नकोस. कपिरीला दाऊसन आहे की." ते मला माहीतच आहे.

काही कमी-जास्त झाले तर जुन्या स्टेशनातल्या रेल्वेच्या फोनवरून इथे निरोप दे. इथला कारकून सरळ आहे, पण आळशी आहे. तीन-चार शब्दांच्या वर तो लिहून घेत नाही. तेव्हा थोडक्यात सांग.

या वेळी तिला हसवण्याची गरज नाही. धावताना हसले की दम लागतो.

तुझा,
गेर्शोम


कपिरी
१९ मे

अरे मास्तर,

कॅरिअरवर बसली होती. एका हाताने गठ्ठा धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत गुद्दे घालत होती, "पळव! पळव!" म्हणून. कंबर कुणी धरली नाही. गुद्दे हवे असतील तर तू येऊन खा, मी जागा सोडतो.

शर्टाचं ऐक. आधीच्या एका खेपेला माझा जुना शर्ट तिच्याच गठ्ठ्याच्या दोरीत अडकून बगलेपासून खालपर्यंत फाटला होता. मी उघडा गावातून परत गेलो. टोमॅटोवाल्या आठ दिवस बोलत होत्या. भरपाई म्हणून तिने शर्ट दिला. तुझा शर्ट फाटला असता तर तुलाही शर्टच मिळाला असता, ब्रश नाही.

एकेरी ठेवतो. बास?

चाक बदललंय. निरोप देईन, तीन शब्दांत देईन.

तुझा गुद्देखाऊ भाऊ,
दाऊसन


मरांबा
गुरुवार, २६ मे

दाऊसन,

आज सकाळी गाडी आली. मी पहाटेपासून फलाटावर होतो. एकेका डब्यापाशी जाऊन पाहिले. एस्नार्त तिच्यात नव्हती.

स्टेशनाबाहेर पडत होतो, तेव्हा कारकुनाने हाक मारून चिठ्ठी दिली. तुझा निरोप, त्याच्या अक्षरात: 'एस्नाल्त कपिरी माइलो. दाऊसन.' फोनवरूनसुद्धा तुझा ल आला.

माइलो म्हणजे काल, बुधवारी. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे काल ती कपिरीत उतरली. उतरली आणि पुढच्या गाडीत चढली नाही. कालची आमची गाडी कपिरीहून वेळेवर सुटली, हे मी गार्डला विचारून घेतले. मग नव्या स्टेशनातून निघालेली बाई जुन्या स्टेशनात का पोचली नाही? मधे बाजार आहे, गिरणी आहे आणि तुझे घर आहे. बाजारात आणि गिरणीत कुणी रात्र काढत नाही.

हे तू मला तीन शब्दांत सांगितलेस. मीच थोडक्यात सांग म्हणालो होतो. चांगले ऐकलेस.

'आमची बायको' ही थट्टा मी लहानपणापासून ऐकत आलो. थट्टा आहे म्हणून गप्प बसलो. हिरवा शर्ट गप्प राहून गिळला. आता माझ्या ताटात हात घालून झाल्यावर मी हसायचे आहे काय?

तिच्या मामांना मी पत्र लिहिले आहे. त्यात सगळे स्पष्ट लिहिले आहे: तुमची भाची माझ्या मामेभावाकडे राहिली आहे, माझे ताट परत पाठवा, रविवारी चुली पेटवू नका. हे पत्र आणि मामांचे पत्र मी आज उत्तरेकडे जाणाऱ्या गार्डच्या हाती देतो आहे. दोन्ही तुझ्याकडेच येतील, कारण कपिरीत दुसरे कोणी माझ्या ओळखीचे नाही. मामांचे पाकीट उद्या संध्याकाळी नव्या स्टेशनातून दारकडे जाणाऱ्या गाडीत पडले पाहिजे. पाकिटावर 'अतिशय तातडीचे' असे लिहिले आहे.

एवढी एक गाडी तरी चुकवू नकोस.

गेर्शोम कपासा


मरांबा
सोमवार, ३० मे

प्रिय दाऊसन,

हे पत्र तू फाडण्याआधी वाच.

शनिवारी सकाळी मी स्टेशनात गेलो नव्हतो. मी झिमरमन टेलरची पाटी रंगवत होतो. मागून आवाज आला, "होणारा नवरा घ्यायला येत नाही आणि गठ्ठे मात्र माझ्या डोक्यावर!" एस्नार्त उभी होती. धुळीने माखलेली, एक चप्पल तुटलेली.

मी विचारले, "बुधवारी कुठे होतीस?"

"बुधवारी?" ती म्हणाली. "बुधवारी आमची गाडी सीमेवर तुंदुमाला उभी होती, इंजिनाची वाट बघत. गुरुवारीही तिथेच. शुक्रवारी कपिरीला पोचलो. दाऊसनने निरोप दिला नाही का?"

मी खिशातली चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने वाचली आणि परत दिली. "दिलाय की. गुरुवारी सांगितलं, माइलो. शुक्रवारी आले मी. बरोबर तर आहे."

दाऊसन, मी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. आपल्या बोलीत कालही माइलो आणि उद्याही माइलो. पुढे 'आली' असेल तर काल, 'येईल' असेल तर उद्या. हे आपल्याकडच्या दुधपित्या मुलालाही कळते. चिठ्ठीत पुढे काहीच नव्हते. 'आली' हे मी माझ्या पदरचे घातले. इतकी वर्षे लोकांच्या पाट्यांमधल्या चुका काढतो, आणि वाक्यात क्रियापद नाही हे मला दिसले नाही.

तिने मला शुक्रवारचेही सांगितले. तू गठ्ठ्याचे एक टोक खांद्यावर घेतलेस, तिने दुसरे धरले, आणि दोघे तसेच गावातून धावलात. ठीक आहे. तसे करण्याशिवाय उपाय नव्हता, हे मला पटते.

काल कार्यक्रम झाला. मावशीच्या बायका गात गात भांडी घेऊन आल्या. कोंबडी होती, शेंगदाण्याच्या कुटातली पाने, कपेंता मासे, भाजलेल्या अळ्या, दोन तऱ्हेच्या पिठाची घट्ट न्शिमा. प्रत्येक झाकण काढून त्यांनी सांगितले, हे आमच्याकडे असे खातात. मावशी म्हणाली, "आता तू पाहुणा नाहीस. पुढच्या वेळी आमच्या घरी आलास तर स्वतः वाढून घे." मी सगळे खाल्ले. प्रत्येक घासाला मला वाटत होते की माझे पाकीट आत्ता मामांच्या अंगणात उघडले जात आहे.

एस्नार्तला मी काही सांगितलेले नाही. ती समोर बसून विचारत होती, "तिखट लागतंय का? डोळे कसले ओले?" मी हो म्हणालो.

एकच गोष्ट विचारायची आहे. शुक्रवारी तू तिच्यासाठी इतका धावलास. त्या गडबडीत ते पाकीट मागे राहिले का? गाडी निघून गेली होती का? आजवर देवाकडे मी नेहमी गाडी मिळावी म्हणून मागितले. ती चुकावी म्हणून पहिल्यांदाच मागतो आहे.

लगेच कळव. वाटल्यास तीन शब्दांत.

गेर्शोम


कपिरी
२ जून

श्री. गेर्शोम कपासा यांस,

आपलं पत्र मिळालं.

शुक्रवारी आपली भावी पत्नी जुन्या स्टेशनात गाडीत चढली, तेव्हा समोरच्या रुळावर लिव्हिंग्स्टनहून आलेली गाडी उभी होती. तिच्या गार्डने मला दोन पाकिटं दिली. एक माझं, एक म्पिकाचं. म्पिकाच्या पाकिटावर आपल्या सुंदर अक्षरात 'अतिशय तातडीचे' लिहिलं होतं. मला वाटलं, कार्यक्रमाचं काहीतरी असेल, कुणाला तरी बोलवायचं राहिलं असेल. मी आलेल्या वाटेने तसाच मागे धावलो. दारची गाडी हलायला लागली होती. शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या हातात पाकीट दिलं. तो म्पिकाला उतरणार होता.

गाडी गेली. मग मी स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीखाली बसलो आणि माझं पाकीट उघडलं.

कपिरीत माझ्या हातून आजवर कुणाची गाडी चुकली नाही, फेब्रुवारीतली सोडून. तेव्हा मी तापाने पडलो होतो. ही चुकायला हवी होती, पण आपण तसं पाकिटावर लिहिलं नव्हतं.

यापुढे मी एस्नार्तबाईंना आणायला जाणार नाही. त्यांचं नाव बरोबर लिहिलं आहे, पाहून घ्यावं. आपली थट्टाही यापुढे करणार नाही. जी थट्टा ऐकून समोरचा माणूस वाटेवरची घरं मोजायला लागतो, ती करण्यात मजा नाही.

मामांचं पत्र तिकडून कानावर पडण्याआधी आपणच बाईंना सांगितलं तर बरं. एवढंच सुचवतो.

आपला,
दाऊसन म्विला


म्पिका
१० जून

गेर्शोम,

मी मंगळवारी मामांकडे पोचले. पाय धुवायच्या आत मामांनी हाक मारली, "एस्नार्त, इकडे ये. तुझ्या नवऱ्याचं पत्र आलंय. मी दहा दिवस तुझी वाट बघतोय, मला एकट्याला हे पचत नाही." आणि त्यांनी ते अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मामी होती, शेजारच्या दोघी होत्या. 'माझ्या मामेभावाकडे राहिली आहे' या ओळीला मामी उठून आत गेली.

मामांनी घडी घातली आणि म्हणाले, "याने गुरुवारी ताट परत मागितलं आणि रविवारी कोंबडी खाल्ली. हा मुलगा उलटा चालतो का?" शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही.

तुला माइलो कळला नाही, ते मी समजू शकते. शब्द तसाच आहे. पण दाऊसन निरोप देतो म्हटल्यावर तुला दोन्हींपैकी कालचाच दिवस का सुचला? बरं, सुचला. शनिवारी मी तुझ्यापुढे उभी होते, चिठ्ठी तुझ्या हातात होती. तेव्हा का नाही बोललास? मी त्यानंतर आठवडाभर तिथे होते. तू माझ्या हातचं खाल्लंस, मला स्टेशनावर सोडायला आलास, गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभा होतास. मला वाटलं, हा मी जाते म्हणून रडवेला झालाय. तू पत्र पोचलं की नाही याचा विचार करत होतास.

वाटेत कपिरीला मी दाऊसनला भेटले. तो तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. मला 'एस्नार्तबाई' म्हणाला. दाऊसन! मी त्याला विचारलं, तुला काय झालं, आजारी आहेस का? आता कळतंय काय झालं होतं ते.

मामा म्हणतात, ताट मध्यस्थाच्या हातून आलं, ते मध्यस्थाच्याच हातून परत जाईल, टपालाने मागितलं म्हणून जात नसतं. आणि ते द्यायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलंय.

मी उद्या दारला जाते. २९ तारखेला, बुधवारी, कपिरीला उतरेन. दाऊसन येणार नाही. तू ये. गठ्ठे घे आणि मला गाडीत बसव. बघू या तुला काय दिसतं त्या वाटेवर. वाटेत मला काही विचारायचं नाही. कोण, कुठला, कशाला, एकही नाही. विचारलंस तर मी तिथूनच मागे वळेन. गाडी चुकली तरी मागे वळेन. मग मध्यस्थ ताट घेऊन तुझ्याकडे येईल.

उत्तर लिहू नकोस.

एस्नार्त


मरांबा
१ जुलै

प्रिय दाऊसन,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून लिहितो आहे. पण जे झाले ते तुला माझ्याकडून कळावे.

मंगळवारी मी कपिरीत आलो. तुझ्या घरी आलो नाही, हिंमत झाली नाही. बुधवारी नव्या स्टेशनात गेलो, तर फाटकाला तुझी हातगाडी टेकवून ठेवलेली होती. चाकाला ताजे वंगण होते. तू कुठे दिसला नाहीस. मी तीच घेतली.

दारची गाडी उशिरा आली. एस्नार्त उतरली, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि एकामागून एक गठ्ठे खाली टाकू लागली. मी ते रचले. मी चौकोनी रचले, कडेला कड लावून. ती म्हणाली, "दुकान मांडतोयस का? चल!" तेवढ्यात गावाच्या पलीकडून शिट्टी ऐकू आली.

मी गिरणीच्या मागून निघालो. तिथे आता पाइप टाकायला चर खणला आहे. मागे वळून बाजारातून यावे लागले. तुझा रस्ता जवळचा आहे, हे मी मान्य करतो.

टोमॅटोवाल्या बायकांनी मला दुरूनच पाहिले. "अगं, आज घोडा बदलला का?"

"शिकाऊ आहे!" एस्नार्त म्हणाली.

"याचे पाय तर बकरीचे आहेत!"

"चालवून घेतेय!"

सगळा बाजार हसला. मी हसलो नाही, मला दम लागला होता. मग एका खड्ड्यात चाक गेले आणि हातगाडी माझ्या हातून कलंडली. गठ्ठे रस्त्यात पसरले. एका ट्रकपाशी एक उंच माणूस उभा होता, टांझानियाकडचा असावा. तो धावत आला, दोन्ही हातांनी गठ्ठे उचलून भराभर ठेवू लागला, आणि एस्नार्तशी स्वाहिलीत काहीतरी बोलला. ती स्वाहिलीतच त्याला काहीतरी म्हणाली. तो मोठ्याने हसला, माझ्याकडे पाहून पुन्हा हसला. तीही हसली. मला स्वाहिली येत नाही, तुला माहीत आहे. तिने माझ्याकडे पाहिले. अशी नजर लावून पाहिले की मला कळले, ती थांबली आहे.

माझ्या तोंडात प्रश्न तयार होता. मी हातगाडीचे दांडे उचलले आणि ढकलायला लागलो.

जुन्या स्टेशनात गाडी हलत होती. गार्डने वाकून एस्नार्तला दंडाला धरून वर घेतले. मी ते पाहिले. मग गठ्ठे, एकेक करून. शेवटचा गठ्ठा देताना मी गाडीबरोबर धावत होतो. फलाट संपत आला होता. ती वरून ओरडली, "गठ्ठ्यासारखा काय धावतोस? चढ!" मी चढलो. हातगाडी फलाटावर तशीच राहिली. स्टेशनातल्या माणसाला ओरडून सांगितले आहे, ती तुझी आहे म्हणून. मिळाली नसेल तर कळव. निदान त्या निमित्ताने तरी कळव.

कब्वे गेले. लुसाका गेले, काफ्वे गेले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या माणसाचे दात मला दिसत होते. तो तिला नावाने ओळखतो का, दारला भेटतो का, सीमेवर थांबतो का, हे सगळे मी स्वतःला विचारून झालो. तिला विचारले नाही. दाऊसन, मी बरा झालेलो नाही. मला अजूनही सगळ्याचा हेवा वाटतो. गार्डच्या हाताचाही वाटला. तुझा तर वाटतोच. तू तिला इतक्या वेळा त्या वाटेने नेलेस आणि एकदाही हातगाडी उलटी केली नाहीस.

मोन्झेला ती आपणहून म्हणाली, "तो विचारत होता, हा तुमचा हमाल नवीन आहे का?"

ती काय म्हणाली, हे तिने सांगितले नाही. मी वाट पाहिली, पण विचारले नाही. चोमा आले. तिने खिडकीतून उकडलेली अंडी घेतली, एक सोलले आणि माझ्या हातात ठेवले. मी मीठ मागितले, तिने दिले. मग तिने पिशवीतून कागद काढून मांडीवर घेतला आणि पेन्सिलीला टोक करायला लागली.

मी म्हणालो, "मामांना लिहायचं असेल तर मी लिहून देतो. माझं अक्षर चांगलं आहे."

"ताट ठेवून घ्या एवढंच लिहायचंय," ती म्हणाली. "मीच लिहिते. तू काही लिहू नकोस."

तुझा,
गेर्शोम